कोऱ्या कागदावरचा अंगठा

सोलापूरच्या कलेक्टर कचेरीसमोर, सायकली लावतात तेथे एक कडुलिंब आहे. त्याच्या बुंध्याला लागून माझे टेबल गेली तीसेक वर्षे उभे आहे. शिक्षण म्हणाल तर मी सातवी नापास. परंतु माझ्या हातचा अर्ज मसुद्यातील चुकीमुळे परत आला, असे या कचेरीत कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. वारसाचे, विहिरीचे, परवान्याचे, बदलीचे, सर्व प्रकारचे अर्ज मी लिहिले. नवे कारकून अडले की माझ्याकडे येतात आणि चहा स्वतःच्या खिशातून पाजतात. ही बढाई नव्हे. पुढे जे सांगणार आहे ते करणारा मनुष्य अजाण नव्हता, प्रत्येक शब्दाचे वजन त्याला ठाऊक होते, एवढे वाचकांच्या ध्यानी असावे म्हणून लिहितो.

ज्याला लिहिता येत नाही त्याच्या अर्जाखाली आम्ही डाव्या हाताचा अंगठा घेतो, आणि अंगठ्याशेजारी एक ओळ घालतो: ‘वरील मजकूर वाचून दाखविला, समजला, बरोबर आहे.’ ही ओळ नसेल तर अंगठा म्हणजे नुसता शाईचा डाग. मी ती इतक्या वेळा लिहिली आहे की कागद संपत आला की हात ती आपोआप लिहितो. ती किती वेळा खरी होती आणि किती वेळा नव्हती, याची झडती मी आज देत नाही. एकाच वेळेविषयी सांगावयाचे आहे. त्या वेळी त्या ओळीमुळे एका मुलाच्या मनात त्याच्या बापाविषयी किल्मिष बसले, आणि ते काढणे एकट्या माझ्या हाती होते.

बाप सांगोल्याकडचा मेंढपाळ. आम्ही सर्व त्याला आबा म्हणत असू. मी सतरा वर्षांचा असताना, एका वृद्ध अर्जनवीसाशेजारी बसून टाक धरावयास शिकत होतो, तेव्हा खांद्यावर घोंगडे आणि हाताशी मुलगा घेऊन तो आला. मुलाला सोलापुरात बोर्डिंगात घालावयाचे होते. वृद्ध गृहस्थ जेवावयास गेले होते, म्हणून तो अर्ज मी लिहिला. माझ्या हातचा तो पहिला अर्ज, आणि तो मंजूर झाला. पुढे तो मुलगा पुण्यास कॉलेजात गेला, दिल्लीची परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि ज्याने हिप्परग्याच्या तलावापेक्षा मोठे पाणी पाहिले नव्हते त्याची नेमणूक मुंबईस जहाजांच्या खात्यात झाली. तेथून दिल्ली. आणि सत्तर सालानंतर तो वर्षातून दोन-तीनदा लंडनास जाऊ लागला. तेथे सर्व देशांचे अधिकारी एकत्र बसून जहाजांनी समुद्रात कसे वागावे याचे नियम ठरवितात. त्या बैठकीत आपल्या देशाच्या वतीने तो बोलत असे.

‘त्यांचा पहिला अर्ज या हाताने लिहिला आहे,’ हे वाक्य मी कचेरीत किती जणांना ऐकविले असेल! लोकही कंटाळले नाहीत, किंवा मला तसे वाटले.

एकदा साहेब, म्हणजे आबाचा हाच मुलगा, दिल्लीहून गावी जाताना कचेरीसमोर उतरले. आबा माझ्या टेबलाशेजारच्या पायरीवर बसला होता. साहेबांना मी माझी खुर्ची दिली, पण ते बापाशेजारी पायरीवर टेकले.

आबाने विचारले, “तू तितं करतोस तरी काय रं? ह्यो वकील सांगतोय जगाचं नेम करतोस म्हून.” मला तो वकील म्हणे. ती चूक मी कधी दुरुस्त केली नाही.

साहेबांनी दोन काडेपेट्या घेतल्या आणि पायरीवर एकमेकींना आडव्या चालविल्या. “हे बघा आबा. रात्रीची वेळ, दोन जहाजं. प्रत्येकाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. आडव्या येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसला तर वाट आपण सोडायची. हिरवा दिसला तर त्यानं.”

“आन दोगंबी ताठ ऱ्हायलं तर?”

“तर दोन्ही बुडतात.”

आबा खदखदून हसला. “मंग ह्याला सायब कशाला पायजे? पांदीत दोन कळप समोरासमोर आलं तर वाट कुणी सोडायची, ह्ये कुटलाबी मेंढका सांगंल की!”

“मेंढक्याला कळतं आबा. पण साऱ्या जगाची मेंढकी एका खोलीत बसवून त्यांच्याकडून ते कबूल करून घ्यायचं असतं. वर्षं जातात त्यात.”

“आन ज्याला लाल-हिरवं उमगंना त्यो?”

“त्याला पहाऱ्यावर उभं करायचं नाही. त्याच नियमासाठी भांडतोय सध्या. कुणाचाही भाचा असो, पुतण्या असो, डोळे तपासल्याशिवाय पहारा नाही.”

“बराबर हाय,” आबा म्हणाला. “आंधळ्याच्या हाती कळप देत न्हाईत.”

हे संभाषण मी दोन हातांच्या अंतरावर बसून ऐकले. माझ्या कानांना काही झालेले नव्हते.

आता कोऱ्या कागदांविषयी. पावसाळा सरला की आबा मेंढरे घेऊन अकलूज, करकंबकडे उसाच्या पट्ट्यात जाई. तेथील बागाईतदार खतासाठी शेतात मेंढरे बसवून घेतात. चार-पाच महिने त्याचा मुक्काम आज या रानात तर उद्या त्या. पत्र लिहावयास सोलापूर गाठणे होत नसे. म्हणून निघण्यापूर्वी तो माझ्याकडे येई, पाच-सहा अंतर्देशीय पत्रांच्या तळाशी अंगठे उठवी आणि सांगे, “म्हैन्याला एक टाकत जा. मेंढरं बरी हायत, मी बरा हाय, जेवत जा. एवडंच लिव. पोरगं घोर करतंय.” उत्तरे माझ्या पत्त्यावर येत. तो परतला की मी ती एका बैठकीत वाचून दाखवी. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊ नये, हे मला कळत नव्हते असे नाही. परंतु आमच्या धंद्यात ज्याच्याजवळ लोकांचे कोरे अंगठे अधिक, तो अधिक विश्वासाचा, अशी समजूत होती. मीही ते कागद पेटीत वरच ठेवीत असे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत असे.

आणि त्या कोऱ्या अंगठ्यावर मी बापाने मुलाला धाडावयाची पत्रेसुद्धा अर्जाच्या थाटात लिही. साहेब एकदा हसून म्हणाले होते, “अहो, माझ्या बापाच्या पत्राखालीही ‘वाचून दाखविला, समजला’ असते!” मी म्हणालो, “साहेब, पद्धत म्हणजे पद्धत.” ते म्हणाले, “असू द्या. ती ओळ दिसली की आबा तुमच्यासमोर बसून ऐकतायत असं वाटतं मला.”

माझा मेहुणा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात लागला होता. तेथे त्याने हिरव्या सुताच्या लडी लाल ढिगात घातल्या. एकदा नव्हे, तीनदा. संपूर्ण ताग्याचे काठ बिघडले. तेथील वृद्ध तेलुगू मास्तराने त्याला दोन लडी दाखवून विचारले, हा म्हणाला दोन्ही मातकट. मास्तराने त्याला बाहेर काढले आणि दारातून ओरडून सांगितले, “लग्नात नवरी बदलून आणशील रे बाबा, कुणालातरी बरोबर घेऊन जा!” ही गोष्ट आमच्या पेठेत सहा महिने पुरली.

मी त्याला म्हणालो, तू जहाजावर जा. साहेब आपलेच आहेत. कचेरीत सर्वांना सांगितले की माझा मेहुणा खलाशी होऊन विलायत पाहणार. एका पेशकाराने तर माझ्याकडून त्या आनंदाचे पेढे खाल्ले. मेहुणा मुंबईस गेला. तेथे डॉक्टरने त्याला अंधाऱ्या खोलीत बसवून लहान लहान दिवे दाखविले. चौथ्या दिवशी तो सोलापुरास परत आला.

साहेबांना स्वतःच्या नावाने लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण उत्तर काय येईल ते मी काडेपेट्यांच्या वेळीच ऐकले होते. परंतु पेढे वाटून झाले होते. पेटी उघडली तर वरच आबाचे तीन अंगठे होते. आबा तेव्हा करकंबच्या रानात. मी एक पत्र उचलले आणि लिहिले. फार सुंदर लिहिले. मेहुण्याचे नाव घातले, त्याचे माझ्याशी नाते घातले नाही. ‘जन्मदात्या पित्याने आजवर काही मागितले नाही, ही पहिली व अखेरची मागणी समजून सदर इसमाच्या डोळ्यांच्या किरकोळ दोषाकडे काणाडोळा करावा, अन्यथा पुत्र असूनही मी निपुत्रिक असे समजेन.’ आणि कागद संपत आला तेव्हा हाताने आपोआप ती ओळ लिहिली.

तीन आठवड्यांनी साहेबांचे उत्तर आले. आबा अद्याप रानात होता. मी फोडले.

‘तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार. ज्याला लाल-हिरवा ओळखता येत नाही त्याला मी पहाऱ्यावर उभा करू शकत नाही. हे तुम्हालाच सर्वांआधी कळले होते, म्हणून तुमचे पत्र मला पुन्हा पुन्हा वाचावे लागले. नातेवाइकाकडून असे काही आले तर ते वरिष्ठांपुढे ठेवावे असा आमचा नियम आहे. मी ठेवले आहे. आबा, मला तसे करावेच लागले.’

ते पत्र मी पेटीच्या तळाशी घातले. साहेब नाराज झाले, एवढाच त्याचा अर्थ मी स्वतःपुरता लावला.

परंतु कागद एकदा सरकारात शिरला की तो आपल्या पायांनी चालतो, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? दिल्लीहून कलेक्टर कचेरीस विचारणा आली: सदर पत्र अधिकाऱ्याच्या वडिलांचेच आहे काय, याची खात्री करून कळवावे. त्याच सुमारास लंडनास पहाऱ्याच्या नियमांची समिती बसावयाची होती आणि तिचे अध्यक्षपद साहेबांना मिळण्याचे घाटत होते. हा कागद निकाली निघेपर्यंत त्यांचे जाणे थांबले होते. हे मला कचेरीतील कारकुनाकडून कळले. तो माझे अभिनंदन करावयास आला होता, कारण सोबतच्या पत्राचे अक्षर त्याने ओळखले होते: माझे अक्षर दिल्लीपर्यंत पोहोचले!

तलाठ्याने करकंबच्या रानातून आबाला शोधून आणले. अर्जनवीस म्हणून मलाही आत बोलाविले. इतकी वर्षे मी त्या इमारतीच्या सावलीत बसलो, परंतु त्या खोलीत खुर्ची मला त्या दिवशी प्रथम मिळाली. आबा खाली फरशीवर बसला. त्याच्या घोंगड्याला लेंडीचा आणि ओल्या उसाच्या पाचटाचा वास होता.

साहेबांचे पत्र नव्हे, माझे पत्र तेथील अधिकाऱ्याने मोठ्याने वाचले. आबाने ते प्रथमच ऐकले. ‘जन्मदात्या पित्याने’ येथे तो सावरून बसला. ‘निपुत्रिक’ येथे त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. एकदाच. नंतर त्या खोलीत त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

अधिकाऱ्याने मला विचारले, “अक्षर तुमचं?”

“होय.”

“हे तुम्हाला यांनी सांगितलं? खाली लिहिलंय ते, वाचून दाखवलंत?”

मी समोरच्या कागदावरची ती ओळ पुन्हा वाचू लागलो. तेवढ्यात आबाने अधिकाऱ्यालाच विचारले, “सायब, ह्या कागदानं माज्या पोराची नोकरी जाती का?”

“नाही हो आबा. त्यांनी स्वतः होऊन कागद पुढे केला, त्यांच्यावर ठपका नाही. बाप आहे, मागितलं, मुलानं नाही दिलं. संपलं. तुमचंच असेल तर मी आज कळवतो.”

“आन माजं नसंल तर?”

“मग कुणी लिहिलं, कशापायी लिहिलं, साहेबांचा त्याच्याशी काय संबंध, हे सगळं काढत बसावं लागेल. वर्ष जाईल.”

आबाने डावा हात पुढे करून अंगठा पाहिला. मेंढरांची लोकर कातरून कातरून तो एका बाजूने चपटा झाला होता. “वाचून दावलं की,” तो म्हणाला. “माजंच हाय. म्हातारपनी बुद्दी फिरली. मिटवून टाका.”

मी ‘नाही’ म्हणू शकलो असतो. माझ्या खुर्चीपासून त्याच्या फरशीपर्यंत चार हातांचे अंतर होते. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि मी मान डोलावली.

बाहेर आल्यावर आबा सरळ कडुलिंबाखाली गेला. “कागद किती उरल्यात?”

“दोन, आबा.”

“दे.”

मी दिले. त्याने घडी घालून फेट्यात खोचले. मी म्हणालो, “आबा, माझं चुकलं. तुम्ही माझी लाज राखलीत.”

“तुजी?” तो म्हणाला. “तुजा काय संबंद? मी माज्या पोराची वाट सोडली. लाल दिवा दिसला मला.” मग काठी उचलताना म्हणाला, “पोरगं काय म्हनंल माज्याबद्दल, एवडं मातुर मनातनं जाईना बग, लिवणाऱ्या.”

वकील हा शब्द त्याने पुन्हा उच्चारला नाही. साहेबांचे ते उत्तर मी त्याच वेळी काढून त्याच्या हाती द्यावयास हवे होते. तेही मी केले नाही. वाचून दाखविण्यास तोंड नव्हते.

साहेब लंडनास गेले. समितीचे अध्यक्ष झाले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्या मी कापून ठेवल्या. परंतु कोणास दाखविल्या नाहीत. आबा त्यानंतर पलीकडच्या चिंचेखाली बसणाऱ्या एका तरुण अर्जनवीसाकडून पत्रे लिहवून घेऊ लागला. माझ्या टेबलावरून ते स्पष्ट दिसे. एकदा न राहवून मी त्या तरुणास विचारले, म्हातारा काय सांगतो? तो म्हणाला, “काय नाही काका. मेंढरं बरी हायत, मी बरा हाय, जेवत जा. दर वेळी तेच.” खरे काय घडले ते त्याने लिहविले नाही, हे उघड होते. मिटलेला कागद पुन्हा उघडला तर मुलाचेच पाय अडकतील, या समजुतीने तो गप्प राहिला असावा.

“आणि तिकडून काय येतं?”

“पूर्वी मोठी यायची म्हणतात. आता पोस्टकार्ड. ‘पत्र पावले, प्रकृतीस जपावे.’”

दोन वर्षांनी आबा अकलूजच्या बाजूला मुक्कामातच गेला. साहेब परदेशातून दहाव्याला पोहोचले. परतताना त्यांची मोटार कचेरीसमोर थांबली. केस काढलेले होते. या वेळी ते खुर्चीवर बसले, पायरीवर नाही.

“तुम्हाला एकच विचारायचंय,” ते म्हणाले. “ते पत्र आबांनी खरंच सांगितलं होतं? शब्द तुमचे, ते मला कळतं. पण मागणी? त्यांना लाल-हिरव्याचं सगळं कळलेलं होतं हो. मी त्या पायरीवर समजावलं होतं.”

चिंचेखालचा तरुण कान देऊन ऐकत होता. दोन कारकून चहाचे पेले धरून उभे होते. साहेब माझ्या टेबलाशी आले, हे सर्व कचेरीने पाहिले होते.

“वाचून दाखवलं होतंत ना?”

“होय,” मी म्हणालो. “वाचून दाखवलं होतं.”

त्यांनी माझ्या शाईच्या गादीचे उघडे झाकण लावले. “मग ठीक आहे. मला वाटत होतं... जाऊ द्या. त्या पत्रानंतर मी गावी मुक्कामाला असा राहिलोच नाही. सुट्टी मिळत होती. गेलो नाही.” त्यांनी मला नमस्कार केला. मला, दोन्ही हात जोडून.

पहिली चूक मोहाची होती, दुसरी भीतीची. ही तिसरी कशाची होती, याला माझ्या शब्दसंग्रहात नाव सापडत नाही. तेव्हा कोणाचे काही अडले नव्हते. समिती संपली होती, कागद मिटला होता. एक शब्द खरा बोललो असतो तर एका मुलाला त्याचा बाप परत मिळाला असता. मी दोन पेले आणि सहा कान यांच्यासाठी तो दिला नाही.

गेल्या आठवड्यात मी हे सर्व लिहून काढले. माझ्या धंद्यातील तीस वर्षांत प्रथमच मी स्वतःचा मजकूर, सही करण्याआधी, वाचून दाखविला. ऐकणारा मेहुणा. तो हल्ली सायकली भाड्याने देतो, आणि बरे चालले आहे. पाय पसरून त्याने सारे ऐकले आणि मग म्हणाला, “दाजी, एक सांगू का? मला कुटं जायचं हुतं जहाजावर? मला तर टेंभुर्णीच्या मोटारीतबी मळमळतंय. तुमालाच हौस हुती.”

“हे तू तेव्हा का नाही बोललास?”

“तुमी इचारलं कुटं?”

मजकुराच्या दोन प्रती केल्या आहेत. एकीसोबत साहेबांचे ते जुने उत्तर, बापाला कधीच न पोहोचलेले, जोडले आहे. ती प्रत उद्या रजिस्टरने, पोचपावतीसह, दिल्लीस जाईल. खाली सही केली. माझी सही लफ्फेदार आहे, अधिकारीसुद्धा वाखाणतात. ती या मजकुराखाली शोभेना. म्हणून गादीवर डावा अंगठा दाबून शेजारी उठविला.

शाई निघावयास दोन दिवस लागतात. पत्नीने जेवताना विचारले, बोट काळे कशाने झाले. मी म्हणालो, “थांब. आधी कागद आणतो, वाचून दाखवितो.”